रमण्याची फेरी

सोपी वाट आहे, चढ नाही, तळ्याच्या कडेकडेने सावलीतून जाते, हे तुम्ही पोरं मघापासून मला पटवताय. मला पटवायची गरज नाही. ती वाट मी तुमच्या जन्माआधीपासून ओळखतो. रविवारी सकाळी जा, पक्षी बघा, फोटो काढा, येताना मिसळ खा आणि घरी या. फक्त दिवस कलल्यावर तिथे थांबू नका. का म्हणून विचारताय, तर सांगतो. दिवे गेलेच आहेत, लिफ्ट बंद आहे, गच्चीवरून तुम्ही आता कुठे जाणार.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. दिगंबर खांबेटे म्हणून माझा मित्र होता, त्याच्या बाबतीत घडलं. आम्ही दोघांनी उभी नोकरी एकाच शाळेत केली. तो भूगोल शिकवायचा, मी गणित. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तसा कशावरच फारसा नव्हता. देवळात गेलो की तो चपला सांभाळायच्या निमित्ताने बाहेर थांबायचा. त्याची बायको पद्मजा, म्हणजे माझी वहिनी. एक मुलगी, सुनीती. ती लग्न होऊन हिंजवडीला राहते, तिथल्याच एका कंपनीत आहे. खांबेटे नवराबायको वारज्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. एवढीच माणसं आहेत या गोष्टीत.

आता तो रमणा. तुम्ही त्याला लेक ट्रेल म्हणता, म्हणा. वारज्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी, एका जहागीरदार घराण्याची ती जमीन. त्यांनी ओढा अडवून तळं बांधलं, बांधावर चिंचा लावल्या, भोवती वड, करंज, ऐन, भोकर असं रान राखलं, त्यात हरणं सोडली. पाहुण्यांच्या शिकारीसाठी एक बंगला बांधला. स्वातंत्र्यानंतर जहागिऱ्या गेल्या. घराण्यातली मंडळी पांगली. बंगल्याचं नुसतं जोतं उरलं. रान सरकारकडे गेलं आणि मग कधीतरी तिथे फिरायची वाट केली, पक्ष्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या.

वाट नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे. फाटकातून आत गेलं की समोर पाणी आणि पाण्याकाठी एक दगडी बाक. तिथून डावीकडे झाडीत शिरायचं. झाडीतून अर्धी फेरी झाली की माणूस तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, बांधावर बाहेर पडतो. बांधावरून बघितलं की पाण्यापलीकडे ते फाटक आणि ते बाक समोर दिसतं. बांध संपवून वळलं की परत फाटकाशी. गोल फेरी. चुकायला फाटासुद्धा नाही. एक सोडून. बांधाच्या मध्यावर खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत, त्या गावातल्या रस्त्याला लागतात.

वहिनींचं हृदय दोन-तीन वर्षांपासून थकत चाललं होतं. पाय सुजायचे, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चाला, पण सपाटीवर. म्हणून दिगंबर त्यांना संध्याकाळी रमण्यात न्यायचा. आधी फेरी पुरी व्हायची. मग अर्धी. मग पहिल्या वडापर्यंत. त्या मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, अहो, थांबा ना, दम लागलाय. तो थांबायचा. कंटाळला नाही कधी. मी बघितलंय.

२०१६ चा नोव्हेंबर. मंगळवार, कार्तिकातली अमावस्या. नोटा बंद झालेल्या, जिथे तिथे रांगा. त्या दिवशी दुपारी काम साधंच होतं. दोघांनी दवाखान्यात जायचं, नव्या गोळ्या लिहून घ्यायच्या, औषधांच्या दुकानातून त्या आणायच्या. वहिनी औषधांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी दिगंबरला परत आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, खांबेटे सर, आता वाढवायला औषध उरलेलं नाही. उन्हाळा बघतील की नाही, सांगता येत नाही. त्यांना आनंदात ठेवा.

तो बाहेर आला. वहिनींनी विचारलं, काय म्हणाले. तो म्हणाला, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते. त्यांनी त्याच्या तोंडाकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, अजून उजेड आहे, तळ्यावर जाऊ.

फाटकाबाहेर सोजरबाई शेंगा भाजायला बसायची. तिथल्याच गावची, जमीन गेलेली, पण जागा सोडली नव्हती. ती त्या दिवशी लवकरच शेगडी विझवत होती. दिगंबरला म्हणाली, "आज अवस हाय सर. दिवस कलला की आमी थांबत न्हाई हितं. तुमी बी लौकर निघा." त्याने हसून मान डोलावली. ते आत गेले तेव्हा फिरायला आलेलं एकही माणूस नव्हतं.

वहिनी बाकावर बसल्या. म्हणाल्या, तुम्ही फेरी मारून या, माझा आज पाय उचलत नाहीये. एरवी तो त्यांना एकटं सोडून गेला नसता. पण त्याला जरा वेळ एकटं व्हायचं होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोसमोर रडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. तो म्हणाला, आलोच. आणि झाडीत शिरला.

वडाच्या पुढे गेल्यावर, बाक दिसेनासं झाल्यावर, तो एका करंजाला टेकून रडला. मला त्याने हे जसं सांगितलं तसंच सांगतोय. किती वेळ ते त्यालाही माहीत नाही. झाडीत संध्याकाळ लवकर होते. पाखरं एकदम गप्प झाली, तेवढं त्याच्या लक्षात आलं. मग मागे पाचोळ्यावर पावलं वाजली.

"थांबा. मी पण येते."

वहिनी. त्याने घाईने डोळे पुसले. विचारलं, अगं, एवढं चाललीस, दम नाही लागला. त्या म्हणाल्या, नाही. त्याने हात पुढे केला. त्यांनी हातात हात दिला. हात गरम होता. गेले कित्येक महिने तो हात गार असायचा.

दोघं चालायला लागले. त्या बोलत होत्या. लग्नानंतर भोरला खोली घेऊन राहिले होते तिथल्या मोरीतल्या विंचवाबद्दल, सुनीतीच्या वेळी दिगंबर इस्पितळात चुकून दुसऱ्याच बाईच्या खाटेपाशी फुलं घेऊन गेला होता त्याबद्दल. सगळं बरोबर. कुणालाही माहीत नसलेलं आणि बरोबर. शिकारीच्या बंगल्याच्या जोत्यापाशी वाट जराशी वर चढते. तिथे त्या नेहमी थांबायच्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत. बोलता बोलता चढल्या. वाक्यसुद्धा तुटलं नाही.

दिगंबरला वाटलं, डॉक्टर चुकला. डॉक्टर चुकतात की. त्याने मला सांगितलं, श्याम, त्या चढावर मी जितका सुखी होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो.

मग झाडी संपली. ते बांधावर आले. सूर्य गेला होता. पाण्यावर थोडा उजेड होता. त्याने सहज समोर बघितलं.

पलीकडे बाकावर वहिनी बसल्या होत्या.

निळी साडी. खांद्यावर त्याचाच करडा मफलर. मांडीवर औषधांची पिशवी. त्या त्याच्याकडेच बघत होत्या. बांधावर माणूस दिसलं म्हणून त्यांनी हात वर केला.

दिगंबरच्या हातात हात होता.

गरम.

त्याने शेजारी बघितलं नाही. बघायचं नाही, एवढंच त्याला कळलं. पाय चालतच होते. शेजारची पावलं वाजत होती. कुठे थांबणं नाही. धाप नाही. बांधाचा मध्य आला. पायऱ्या आल्या.

शेजारून आवाज आला. तोच आवाज. शांत.

"इकडून जाऊ या. घर जवळ पडेल."

त्याने पायऱ्यांकडे बघितलं.

"मला आता दम लागत नाही."

पलीकडे वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना दिसलं असणार. काय दिसलं... किती दिसलं... ते कोण सांगणार. पाण्यावरून हाक आली. फार मोठी नाही. मोठ्याने ओरडायची ताकदच नव्हती त्यांच्यात.

"अहो... मी इथे आहे."

दिगंबर उभा राहिला.

त्याने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याला कुणीही ओढत नव्हतं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. अशा गोष्टींत माणसाला भूल पडते, पाय जड होतात, वाचा जाते. तसलं काही नव्हतं. त्याच्या हातातला हात सैल होता. बोटं मिटलेलीसुद्धा नव्हती. धरलं होतं ते यानेच. सोडला असता तर सुटला असता.

"अहो... थांबा ना..."

उन्हाळा बघतील की नाही, सांगता येत नाही.

तो पायऱ्या उतरला.

हात न सोडता.

...

इथून पुढे घरातल्या बाईला मी वहिनी म्हणणार नाही. ती म्हणेन. तुम्ही समजून घ्या.

गावातल्या रस्त्यावर रिक्षा मिळाली. ती आधी बसली, सरकून त्याला जागा दिली. घरी आल्यावर तिने कुकर लावला. जेवताना त्याला विचारलं, मीठ कमी झालंय का. मीठ बरोबर होतं. ती आडवी होऊन झोपली. एकाही उशीचा आधार न घेता, कुशीवर, शांत. दिगंबर रात्रभर भिंतीला टेकून बसला आणि उजाडताच पहिली रिक्षा करून तळ्यावर गेला.

बाकावर कुणी नव्हतं. औषधांची पिशवी नव्हती, मफलर नव्हता. त्याने झाडी पालथी घातली. काठाकाठाने गाळात उतरून बघितलं. हाका मारल्या. पाण्यावरची टिबुकली पाखरं बुड्या मारून लांब गेली, बाकी काही नाही. सोजरबाई आली तेव्हा त्याने तिला विचारलं, काल कुणी बाई बाहेर पडताना दिसली का. ती त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, सर, घरला जावा.

काय म्हणालीस? पोलीस कंप्लेंट? बरोबर, मीही त्याला हेच विचारलं होतं. त्याने मला उलट विचारलं, काय सांगू? बायको हरवली म्हणून? कुठे राहता, वारज्याला. घरी कोण आहे, बायको. काय करतेय, पोळ्या लाटतेय. लिहा तक्रार.

तीन आठवड्यांनी सुनीतीने सुट्टी घेतली आणि आईला परत तपासायला नेलं. डॉक्टरांनी तपासणी केली, मग दुसऱ्या मशीनवर पुन्हा केली. हृदय उत्तम होतं. ते म्हणाले, असं क्वचित होतं, कारण सांगता येत नाही, पण होतं. सुनीती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. संध्याकाळी पेढे वाटले. माझ्या घरीही आले. मी खाल्ले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

आणि तिच्यात काही खोट नव्हती, हे लक्षात घ्या. तुम्हाला वाटेल, पावलं उलटी असतील, आरशात दिसत नसेल. छे. आरशात दिसायची. तुळशीला पाणी घालायची. शेजारच्या बायडाबाईंशी जिन्यात गप्पा मारायची. जुनी गाणी गुणगुणायची, शब्द न चुकता. दिगंबरला खोकला झाला तर रात्री उठून आल्याचा रस द्यायची. चांगली होती. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्यानेच तो खचत गेला. वाईट असती तर त्याला भांडता आलं असतं.

एकदाच त्याने तिला विचारलं. जेवायला बसले होते. पानाकडे बघत तो म्हणाला, तू कोण आहेस?

तिने त्याच्या पानात भात वाढला. वरण वाढलं. मग म्हणाली,

"हात तुम्ही धरलात ना?"

रागाने नाही. आठवण करून दिल्यासारखं. वरून तूप घातलं.

त्याने परत कधी विचारलं नाही.

मला त्याने हे सगळं पुढच्या वर्षी, मे महिन्यात सांगितलं. म्हणजे ज्या उन्हाळ्याबद्दल डॉक्टर बोलले होते, त्या उन्हाळ्यात. आम्ही माझ्या घरी इथेच, याच गच्चीवर बसलो होतो. त्याचं वजन उतरलं होतं. मला आधी वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बायको मरणार या धक्क्याने माणूस हललेला, त्यात ती बरी झाली, तो धक्का वेगळा. मी त्याला समजावायला लागलो. तो म्हणाला, मी रोज जातो तिथे. रोज संध्याकाळी. ती मागून येते.

मी म्हटलं, कोण येते?

तो म्हणाला, पद्मजा. वडापासून पुढे. दिसत नाही. धाप ऐकू येते. मी थांबलो की तीही थांबते. म्हणते, थांबा ना, दम लागलाय. मी म्हणतो, थांबलोय गं, ये, हात धर, घरी चल. मग गप्प होते. बऱ्याच वेळाने विचारते...

एवढं बोलून तो थांबला.

"विचारते, घरी कोण आहे?"

मी विचारलं, मग तू काय सांगतोस?

तो म्हणाला, खरं सांगावं तर ती येणार नाही. खोटं सांगावं तर... तिला घरी आणून दार कोण उघडणार?

मी मित्र म्हणून त्याच्याबरोबर गेलो. त्याचा भ्रम काढायला. शनिवार होता, बाकी फिरणारे होते, ते अंधार पडायला लागला तसे पांगले. आम्ही झाडीत शिरलो. उन्हाळ्यातला पाचोळा, पावलागणिक वाजणारा. मी पुढे, तो मागे. वड गेला. मी काहीतरी शाळेतलं बोलत होतो. जोत्याचा चढ आला. वर पोचल्यावर माझ्या मागे दिगंबरची धाप ऐकू आली. मी म्हटलं, अरे, वय झालं आपलं, बस जरा. आणि वळलो.

दिगंबर माझ्या शेजारी उभा होता. तोंड मिटून.

धाप खाली होती. चढाच्या पायथ्याशी.

वाट रिकामी... एक श्वास... मग दुसरा, अर्धवट... असा, की माणूस वर बघतंय आणि पाय उचलत नाहीये.



मग दिगंबर खाली उतरायला लागला. मी त्याचा दंड धरला. त्याने सोडवून घेतला नाही. आम्ही बांधावरून परत आलो. फाटकापर्यंत मी मागे बघितलं नाही. मी त्या जागी परत जाणार नाही असं ठरवलं, आणि बरेच महिने गेलो नाही.

सुनीतीला सांगावं का? मी खूप विचार केला. काय सांगणार होतो मी त्या पोरीला? तुझ्या बापाने तुझ्या आईला तळ्यावर टाकलं म्हणून? का टाकलं, तर तू पेढे वाटावेस म्हणून? तिला तेव्हा दिवस गेले होते. आई तिचे डोहाळे पुरवत होती. मी गप्प बसलो.

पावसाळ्यानंतर दिगंबरला दम लागायला लागला. पाय सुजले. रात्री तो उशा रचून बसून झोपू लागला. डॉक्टर तेच, खोली तीच. ती त्याच्या गोळ्या वेळेवर द्यायची, पाय चेपून द्यायची. म्हणायची, आज नका जाऊ, गारठा आहे. तो जायचाच. तिने त्याला एकदाही अडवलं नाही आणि एकदाही बरोबर आली नाही. फेरी पुरी होईना. मग अर्धी. मग तो वडापर्यंतच जायचा आणि तिथे बसून बोलत राहायचा, असं सोजरबाईने मला सांगितलं. लोक त्याला वेडा म्हणायला लागले होते. एकदा मी फोनवर विचारलं, दिगंबर, काही उपाय नाही का रे? तो म्हणाला, आहे. मी पद्मजासारखा झालो की तिच्या चालीने चालता येईल. मग कदाचित बरोबर जाता येईल.

त्या आशेवर होता बिचारा.

डिसेंबरात, दत्तजयंतीच्या नंतरच्या आठवड्यात, तो संध्याकाळी गेला आणि परत आला नाही. रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन गेली. जोत्याच्या चढावर सापडला. पायथ्याशी नाही आणि वरही नाही. मधोमध. उजवा हात मागे, खालच्या बाजूला लांब केलेला. पंजा उघडा.

त्याच्या हातात काही नव्हतं.

हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. खोटं नव्हतं ते. तिने सगळं रीतीने केलं. डोळ्यांत पाणीही होतं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दिवसवार झाल्यावर सुनीती तिला हिंजवडीला घेऊन गेली. अजून तिथेच आहे. नातू तिच्या हातचं जेवल्याशिवाय शाळेत जात नाही. नवव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट बंद पडली तर ती भाजीची पिशवी घेऊन जिन्याने चढते. दिवाळीला तिचा मला फोन येतो. श्याम भावोजी, तुम्ही येत नाही हल्ली, असं म्हणते. मी म्हणतो, गुडघे दुखतात.

दिगंबरच्या तेराव्यानंतर, ठरवलं होतं तरी, मी एकदा तळ्यावर गेलो. संध्याकाळी नाही. भल्या पहाटे, रखवालदाराने माझ्यासमोर फाटकाचं कुलूप काढलं तेव्हा. म्हटलं, मित्र गेला ती जागा उजेडात बघावी, हात जोडावेत, संपवावं. माझ्या आधी आत कुणी नव्हतं, हे मी त्याला विचारून घेतलं.

थंडी कडाक्याची होती. दव एवढं पडलं होतं की काठचं सगळं गवत पांढरं दिसत होतं. अशा गवतातून कुणी चाललं की मागे हिरवी रेघ उमटते. तुम्ही बघितली असेल.

दोन रेघा होत्या.

फाटकाकडून आलेल्या नव्हत्या. फाटकाकडे गेलेल्याही नव्हत्या. मी त्यांच्या कडेने चालत गेलो. झाडीत पाचोळ्यावर दिसत नव्हत्या, पण जिथे जिथे उघडं गवत होतं तिथे होत्या. जोत्यापाशी. बांधावर. परत बाकापर्यंत. जिथून मी बघायला सुरुवात केली तिथेच येऊन मिळाल्या. सुरुवात नाही... शेवट नाही... गोल.

दोन माणसं चालावीत तशा, शेजारी शेजारी. मध्ये हातभर अंतर.

मी ते अंतर पुऱ्या तळ्याभोवती बघत आलो. ते कुठेच कमी झालेलं नव्हतं.